शाडूने सांधलेला एक्झॉस्ट

१२ नोव्हेंबर, बुधवार
गाडीतून फटफट असा आवाज येतो. इंजिन थंड असताना मोठा, तापल्यावर कमी. वृंदाच्या मते गाडी म्हातारी झाली. हे निदान नव्हे, वर्गीकरण आहे. सत्तावीस वर्षांची गाडी म्हातारी, तर तिच्या एक्काहत्तर वर्षांच्या मालकाविषयी कोणता निष्कर्ष निघतो, असे पत्नीस विचारले. म्हणाली, "तो मी केव्हाच काढलाय."

तेवीसला, रविवारी, रोह्यास भाची मृणालीचा साखरपुडा. तिला वडील नाहीत. मुलीकडून पूजेला मामा-मामी म्हणून आम्ही दोघांनी बसायचे आहे. मुहूर्त अकराचा. मृणालीची आई, माझी धाकटी बहीण हेमांगी, फोनवर म्हणाली, "दादा, वेळेवर ये हं. बाकी काही नको." स्वतःच्या गाडीने येईन, असा शब्द दिला.

१३ नोव्हेंबर
काळुराम मेकॅनिककडे गेलो. त्याने बोनेटही उघडले नाही. "मास्तर, एक्झॉस्टच्या गॅसकेट गेल्यात." म्हणजे इंजिनातून धूर नळात जातो त्या सांध्यातल्या पट्ट्या. "बोल्ट गंजलेत, खाडीची हवा हाय ना. तापवून काढायला लागतील, नायतर तुटतील. कसायचं ते पण मधल्यापासून भायेर. दोन दिस गाडी ठेवा."

केवळ कानाच्या आधारे एवढा निकाल! प्रमाण विचारले. म्हणाला, "आवाजच सांगतो ना." आवाज काही सांगत नसतो, आवाजावरून अनुमान करावे लागते. हा भेद त्याला वीस मिनिटे समजावला. मध्येच तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. उरलेले विवेचन त्याच्या पायांना ऐकवले.

निर्णय: काम स्वतः करायचे. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला आठ बोल्ट जड जाऊ नयेत.

१५ नोव्हेंबर, सकाळी ९
आरंभ. बोल्ट तापवण्याची आवश्यकता सिद्ध झालेली नाही. सबब तापवले नाहीत.

११.४०
सात निघाले. आठवा तुटला. अर्धा आतच राहिला. यावरून काळुरामचे म्हणणे खरे ठरत नाही. आठांपैकी सात निघाले, म्हणजे सात-अष्टमांश मी बरोबर.

१७ नोव्हेंबर
नव्या गॅसकेट बसवल्या. बोल्ट मधल्यापासून कसण्याचे प्रयोजन दिसेना. कोणतीही मांडणी पहिल्या मुद्द्यापासून होते. डावीकडून एक, दोन, तीन असे कसत गेलो.

गाडी सुरू केली. आवाज पूर्वीपेक्षा मोठा. वृंदा गॅलरीतून म्हणाली, "अहो, दुरुस्त केलीत की बिघडवलीत?" दोनच पर्याय देऊन प्रश्न विचारणे हा सदोष युक्तिवाद आहे. तसे सांगितले. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेले नसावे.

तुटलेल्या बोल्टापाशी फट आहे. धूर तिथूनच येतो.

१९ नोव्हेंबर
पहाटे उत्तर सुचले. माती भाजली की पक्की होते. एक्झॉस्ट सांध्याला भाजतो. म्हणून सांध्याला लावलेली माती पक्की होईल. यात दोष असल्यास कोणीही दाखवावा.

जोह्यास, मूर्तिकारांच्या गावी, जाऊन प्रणितकडून शाडू आणला. माझा जुना विद्यार्थी, आता मूर्तींचा कारखाना आहे. म्हणाला, "सर, शाडू आम्ही भाजत नाय, सुकवतो. पान्यात विरघळायलाच असतो तो. गाडीला कशाला?" तर्कशास्त्रात याला जेमतेम पस्तीस गुण होते. तेही मी दिलेले.

दोन बोटे जाड थर दिला. बोट ओले करून गुळगुळीत केला. काळुरामच्या गॅरेजात इतके रेखीव काम झालेले नसेल.

२१ नोव्हेंबर
रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही! परतताना काळुरामकडे थांबून त्याला शांतता ऐकवली. त्याने वाकून पाहिले आणि हसला. "गनपती बसवलाव काय, मास्तर? रस्त्याला लागलं की गलंल ह्ये. मंग त्यो गरम झोत शेजारच्या वायरीवर. येऊ द्या गाडी, उद्याच करून देतो." तज्ज्ञाचा मत्सर. याहून दुसरे कारण नाही.

२२ नोव्हेंबर
वृंदा उद्या सकाळच्या रेल्वेने जाणार. "त्या धुराने मला मळमळतं. तुम्हीही चला ना, उगाच हट्ट कशाला?" धूर राहिलेला नाही हे निदर्शनास आणले. म्हणाली, "मग माझ्या नाकाला सांगा."

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९.५०, निडीजवळ
वडखळपर्यंत निर्दोष. पुढे खड्डे. नागोठण्याला फट, फट. नंतर करपल्याचा वास. निडीच्या अलीकडे इंजिनाने आचके दिले आणि गाडी थांबली. बोनेट उघडले. शाडूचा मागमूस नाही. शेजारची वायर वितळली आहे.

एक मिनीडोर, म्हणजे प्रवासी नेणारी मोठी रिक्षा, थांबली. चालक म्हणाला, "बाबा, बसा. रोह्याला जागा हाय." नकार दिला. गाडी सोडून जाणे म्हणजे निष्कर्ष सोडून जाणे. वायरीला रुमाल गुंडाळला.

१०.१५
रेल्वे गेली. खिडकीत कोण होते ते पाहिले नाही.

१०.४०
दुसरी मिनीडोर. नकार. रुमाल जळाला.

११.००
अकरा.

रात्री ९, रोहा
दुपारी सव्वा वाजता पोहोचलो, विटांच्या टेम्पोतून. मामाच्या पाटावर हेमांगीचा पुतण्या अद्वय बसला होता, बायकोसह. पूजा, अंगठ्या, ओटी, फोटो, सगळे उरकलेले. पाटही उचलले होते. वृंदा वेळेवर पोहोचली होती; पण एकटी मामी पूजेला बसत नाही. ती मागे उभी राहिली.

येताना टेम्पोत मी चार मुद्दे बांधले होते. खड्डे, काळुरामची अपुरी माहिती, शाडूची घसरलेली प्रत आणि मुहूर्त अकराचाच का. कोणीतरी आक्षेप घ्यावा म्हणून मांडवात दोनदा फेरी मारली. कोणी काही विचारले नाही. मृणालीने वाकून नमस्कार केला, म्हणाली, "मामा, लागलं नाही ना कुठे?" हेमांगीचे डोळे सुजलेले होते. ती एवढेच म्हणाली, "दादा, आधी जेवून घे. तुझं ताट झाकून ठेवलंय."

हात धुतले. काळे निघेना. तसाच बसलो.