पाटीनंतरच्या पाच मात्रा

१२ जाने., सोम.
दुसरं आवर्तन अर्ध्यात आलं होतं तेव्हा नीलाने लॅपटॉप थांबवला. "ताई, इथे काहीतरी अडतंय." पडद्यावरच्या गायिकेचं तोंड उघडं राहिलं. माझंही.
मूकपट अडतीस मिनिटांचा उरलाय. नीलाच्या फिल्म क्लबने त्याचं संगीत माझ्याकडे दिलं. माझा आवाज, प्रशांतचा तबला, बास. पस्तीस मिनिटं बसली आहेत. अडतात ती दरबारातल्या गाण्याची तीन. तिथे मी मारवा घेतलाय, तीनतालात. तीन आठवड्यांचं काम.
प्रशांत वीस वर्षं माझ्या साथीला बसतो. लय माझ्या मांडीवरच्या हातावरून घेतो. मत देत नाही. ते मला आवडतं.

१४, बुध. संक्रांत.
तालमीला नीलाने तिळगूळ दिला. मग प्रशांतने मत दिलं.
"ताई, बाई झपतालात गातेय."
"मुक्या बाईचा ताल तुला ऐकू आला?"
"तिचा हात बघा ना."
बघितला. मांडीवर टाळी, टाळी, मग तळवा उताणा, म्हणजे तालातली 'खाली', मग टाळी. दहा मात्रा, स्वच्छ. कॅमेऱ्यासमोर ती खरंच गात होती. मी तीन आठवडे तिचा चेहरा बघत होते.
"कमाल आहे, प्रशांतदादा," नीला म्हणाली. कालपर्यंत तो तिला नुसता 'तबलावाले' होता.
तिळगूळ पर्समध्येच राहिला.

१७, शनि.
झपतालात नवी चीज बांधून नेली. गाऊन झाल्यावर नीलाने प्रशांतकडे बघितलं. पूर्वी माझ्याकडे बघायची.
तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. इथे सूरच नको. नुसता ठेका. ती गातेच आहे."
"आणि मी काय करू?"
"तुम्ही बसा की. निवांत."
वाजवून दाखवलं. चांगलं होतं. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही. फार चांगलं होतं. नीलाने मोबाइलवर रेकॉर्ड करून दोघांना पाठवलं.
तीन मिनिटं मी गप्प बसायचं. शंभर वर्षांपूर्वीची, नावसुद्धा माहीत नसलेली बाई गाणार. साथीला माझा तबलजी.

१९, सोम.
सकाळी घरी तीच तीन मिनिटं, त्याच्या रेकॉर्डिंगबरोबर. अकरा वेळा.
मध्ये अक्षरांची पाटी येते, महाराज प्रसन्न झाल्याची. पाटीच्या आधी तिची टाळी आणि त्याचा धी एकत्र. पाटी जाते तेव्हा तो समेवर असतो आणि ती खालीच्या मात्रेवर. पाच मात्रांचा फरक. तिथली थोडी फिल्म गळाली असणार. पुढे शेवटपर्यंत त्याची सम तिच्या उताण्या तळव्यावर पडते.
पाटी आली की प्रशांत डोळे मिटून वाजवतो. त्यामुळे त्याला कळलं नाही. मला कळलं.
फोन हातात घेतला. वाघोलीहून क्लासला निघाला असेल, गाडी चालवत असेल. ठेवला.
दुपारी तो क्लासमध्ये असतो. संध्याकाळी मी...

२२, गुरु.
तालीम. पुन्हा तेच, पाच मात्रा. नीला म्हणाली, "परफेक्ट." लॅपटॉपवर तो हात नखाएवढा दिसतो.
प्रशांतने चहा आणला. माझा बिनसाखरेचा, न विचारता.
"ताई, काही चुकतंय का?"
"तू सांग. हल्ली तूच सांगतोस."
हसला. त्याला वाटलं, गंमत केली.

२४, शनि.
आज विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "उद्या घ्यायला येऊ का?"
"वारजं तुझ्या वाटेवर नाही. रिक्षाने येते."
वीस वर्षं वारजं त्याच्या वाटेवर नव्हतं. तरी येत होता.

२५, रवि.
सभागृह भरलेलं. दरबारापर्यंत मी चांगली गायले. मग थांबले.
पडद्यावर तिचा हात खिडकीएवढा. पाटी आली. पाटी गेली. प्रशांतचे डोळे आज उघडे होते. दोन आवर्तनांत त्याला कळलं की काहीतरी निसटलंय. पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या मांडीकडे.
माझा हात शालीत होता. शालीच्या आत तो बरोबर चालला होता, खालीच्या मात्रेपासून.
बाहेर काढला नाही.
त्याने तसंच शेवटपर्यंत नेलं. टाळ्या. नंतर एक काका मला गाठून म्हणाले, "तबला काय बोलका हो. तुम्ही मध्येच थांबलात. घसा धरला का?"
म्हटलं, "हो."
नीला खूश. पुढच्या शनिवारी सांगलीला प्रयोग ठरलाय, म्हणाली. प्रशांत तबल्यावर गवसणी चढवत होता. मान वर केली नाही.

२६, सोम.
सकाळी सातला त्याचा मेसेज. "ताई, पाटीनंतर माझं चुकलं. तुमच्या हाताकडे बघितलं, शालीत होता. थंडी वाजत होती का?"
'हो' लिहिलं. पुसलं.
आठला खाली झेंडावंदन. राष्ट्रगीत दरवर्षी मी सुरू करते. सुरू केलं.
वर आले तेव्हा दुसरा मेसेज होता. "सांगलीला हात बाहेर ठेवा."