दुसऱ्यांदा वाजवायचं राहिलं

३ फेब्रु., मंगळ.
रविवारी अनिलला जाऊन वर्ष होईल. वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याची गिटार ऐकवू, असं मीच सगळ्यांसमोर बोलून बसले. आहे काय, तर मोबाइलवरचं एक रेकॉर्डिंग, आमच्या स्वयंपाकघरातलं. त्याच्याच लॅपटॉपवर उघडलं. आवाज डब्यात कोंडल्यासारखा. तो वाजवायचा तेव्हा घरभर व्हायचा.

४ फेब्रु.
त्याच ट्रॅकची कॉपी केली. आवाज रुंद व्हावा म्हणून एक पूर्ण डाव्या कानात, एक पूर्ण उजव्या. फरक शून्य. मधोमधच, फक्त जोरात. रमेशभाऊंना फोन. भीमगीतांच्या पार्टीत ते नि अनिल वीस वर्षं शेजारी बसले.
"वहिनी, एकच वाजवणं दोनदा ठेवून जागा होत नाय. दोन येगळे लागतात. हात जरा हिकडं-तिकडं पडतो, त्यानंच रुंद होतं. अन्या कायम दोनदा वाजवायचा. दुसरा टेक बघा की."
बघा की.

५ फेब्रु.
दुसरा टेक नाही. शोधायची गरजच नव्हती, मला माहीत होतं. त्यानं तारा पुन्हा लावल्या होत्या. मी म्हणाले, "बास आता, भाकरी गार व्हायली."
"एकदाच गं. उजव्या कानाचं राहिलं."
मी ताट वाढलं. त्यानं हसून गिटार भिंतीला टेकवली. त्याच आठवड्यात...
रेकॉर्डिंगच्या शेवटी माझं 'बास आता' आहे. कापलं. तरी ऐकू येतं.

६ फेब्रु.
रिव्हर्ब टाकला, म्हणजे आवाज घुमवला. बरं वाटलं म्हणून वाढवत गेले. सासूबाई तांदळाचं ताट घेऊन दारात.
"कोण वाजवतंय?"
"अनिलच की, आई."
"लई लांब गेलाय गं. अजिंठ्याच्या लेण्यात बसल्यावानी. घरात ये म्हणावं त्याला."
ताट तिथंच ठेवून आत गेल्या. सगळा रिव्हर्ब काढला. परत डबा. दिवसभर दुसरं काही केलं नाही. हेही झालं नाही.

७ फेब्रु., शनि.
रमेशभाऊंनी सकाळी सांगितलं तसं केलं. अनिल डावीकडं, कोरा. त्याचा रिव्हर्ब तेवढा उजवीकडं. खोली झाली. खरंच झाली.
सासूबाईंना बोलावलं. एक इयरफोन त्यांना, एक मला.
"काय नाय ह्यात. नुसतं घुमतंय."
उजवा गेला होता त्यांच्याकडं. बदलून दिला. डोळे मिटून बसल्या.
"आला. बोटं घासल्याली बी येतात."
आता उजवा माझ्या कानात. त्यात तो नव्हता. त्यानं वाजवून झाल्यावर मागं राहतं तेवढंच.
रमेशभाऊंचा मेसेज: वहिनी, हॉलमध्ये एकच स्पीकर. फाइल पाठवा.
एकच, म्हणजे डावं-उजवं पुन्हा एकाच जागी. अजून पाठवली नाही.
"परत लाव," म्हणतायत. ही चौथी वेळ. माझ्या कानातला काढावा का, कळत नाही.