खिडकीतला हिरवा पडदा

३ जानेवारी
यंदा घरात बाग. निर्णय पक्का. एक तारखेचे संकल्प वाया जातात, म्हणून मुद्दाम तीन तारीख निवडली. शुद्ध हवा, मातीशी नातं, ऑफिसातून आल्यावर मनःशांती. बायको म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. तिला दाखवूनच देतो.

५ जानेवारी
जागेची पाहणी केली. आमच्या घरात ऊन एकाच खिडकीत येतं आणि तिथे बाबांची खुर्ची. सकाळचा चहा ते तिथेच घेतात. चहा कुठेही पिता येतो. झाडाला ऊन लागतंच.

बाबांशी शांतपणे बोललो. अडचण भलतीच निघाली. रस्त्यापलीकडे, अगदी समोरच्या खिडकीत त्यांचे जुने मित्र टेलरमास्तर राहतात. एकटेच. रोज सकाळी मास्तर हात वर करतात, मग बाबा करतात. झालं. आज दोघंही ठीक आहेत एवढंच त्यातून कळतं. मी म्हटलं, मग फोन करत जा. तर म्हणे त्याला फोनवर ऐकू येत नाही, आणि मला जिना उतरवत नाही. उत्तरं तयारच! शेवटी मधला मार्ग काढला. खुर्ची फक्त थोडी बाजूला.

१२ जानेवारी
लोखंडी स्टँड आणला. तीन मजली. फर्न, पीस लिली, स्नेक प्लांट आणि मनीप्लांट. नर्सरीवाला म्हणाला, पाणी बेताने घाला. त्याला शेकडो झाडं बघायची असतात, तो बेतानेच घालणार. मी हात आखडता घेणार नाही.

स्टँडमुळे खुर्ची पॅसेजमध्ये न्यावी लागली. पॅसेजमध्ये वारा छान येतो. बाबा म्हणाले, राहू दे, झाडाला ऊन हवं. समजूतदार आहेत. फक्त एक काम माझ्यावर टाकलं. तू सकाळी पाणी घालायला खिडकीत असतोसच, तर मास्तरचा हात बघत जा, आपलाही वर कर आणि मला सांग. अगदीच सोपं काम.

१३ जानेवारी, सकाळी
मास्तरांनी हात केला. मी केला. ते बराच वेळ बघत राहिले. स्टँड आवडला असावा.

३० जानेवारी
फर्न गेलं. मुळातच अशक्त होतं. लिलीने मान टाकली आहे, पाणी वाढवलं.

१४ फेब्रुवारी
लिली गेली. स्नेक प्लांट बुडाशी मऊ पडून एका बाजूला कलंडलं. मातीतून चिलटं उठतात आणि थेट बायकोच्या चहात पडतात. तिने आजच्या तारखेचं निमित्त करून बरंच सुनावलं. मनीप्लांट मात्र जोरात! बायको म्हणते, ते वरच्या मजल्यावर आहे, तिथे तुमचा पाण्याचा हात पोचत नाही म्हणून जगलं. गाढवाला गुळाची चव काय.

८ मार्च
नवीन दिशा. आता फक्त मनीप्लांट, पण असा की बघत राहावं. खिडकीला आडव्या-उभ्या दोऱ्या बांधल्या आणि वेल त्यावर चढवला. शिवाय तसलेच वाढलेले वेल आणखी आणले. हिरवा पडदा! ऑफिसात फोटो दाखवला. साहेबांनी 'वा' म्हटलं आणि पुढची फाइल मागितली.

२ एप्रिल
पडदा दाट झाला. खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो, पण प्रकाश कसा मस्त हिरवट येतो. बाबांनी विचारलं, हात दिसला? खरं तर पानं बाजूला केल्याशिवाय पलीकडचं दिसत नाही, आणि पानं सारखी हाताळली की कोमेजतात. म्हटलं, हो, दिसला. रोज दिसतोच, आज काय वेगळं असणार?

बाबा हल्ली फिकट वाटतात. पॅसेजमधल्या भिंतीचा रंगच तसा आहे.

२० एप्रिल
मास्तर खिडकीत दोन्ही हात हलवत होते. पानांच्या फटीतून दिसले. टाळ्याच म्हणायच्या. शेवटी कदर केली ती परक्याने!

६ मे
पानं पुसत होतो. मास्तर आज खिडकीत एकदम उंच दिसले. निरखून पाहिलं तर स्टुलावर चढलेले. मान उंचावून आमच्या पडद्यावरून आत बघायची धडपड चालली होती. एवढा रसिक प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं. उद्या वेल आणखी वर चढवतो.

बाबांनी विचारलं, तुला दिसला? म्हटलं, आज तर अगदी छान दिसले. बाबा बऱ्याच दिवसांनी हसले.

७ मे
वेल वर चढवला. प्रेक्षक गायब. रसिकांचं असंच असतं, एक दिवस डोक्यावर घेतील आणि दुसऱ्या दिवशी ढुंकून बघणार नाहीत. बाबांना सांगितलं, हो, केला हात. उगाच पानं कोण हलवणार.

८ मे
समोर मास्तरांकडे भर दुपारी दिवा जळतोय. बायको म्हणाली, रात्रीही तसाच होता. म्हातारपणी माणूस उधळा होतो म्हणायचं.

जेवताना गंमत म्हणून बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, मास्तर दिवसा दिवा लावत नाही. सुईत दोरा ओवायलाही खिडकीशी जायचा. मग विचारलं, आज हात केला म्हणालास ना? मी म्हटलं, म्हणजे करतातच ते. बाबा काठी घेऊन उठले. खिडकीपाशी गेले. मी ओरडलो, दोऱ्या, दोऱ्या! त्यांनी दोन्ही हातांनी वेल ओढून काढला. स्टँड आडवा झाला. माती सगळीकडे.

समोरच्या खिडकीत आडवं पडलेलं स्टूल दिसत होतं. बायको चपला न घालताच खाली धावली.

९ मे
मास्तरांचा खुबा मोडला आहे. डोक्यालाही मार. परवा पहाटेपासून तसेच पडून होते, घशात पाण्याचा थेंब नव्हता. बायको सांगते, शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न बाबांचा विचारला. कितीतरी दिवस खिडकीत दिसला नाही, बरा आहे ना तो? त्यानंतर बोललेले नाहीत. घरी कधी येतील ते डॉक्टर सांगत नाहीत.

स्टूल मुळातच डगमगतं असणार.

असणारच.

११ मे, सकाळी
माती झाडली. वेल कचऱ्यात. बाबांची खुर्ची पुन्हा खिडकीत, मीच नेली. ऊन भरपूर आलं. बाबांनी चहा घेतला, समोरच्या बंद खिडकीकडे बघितलं आणि हात वर केला. कितीतरी वेळ खाली घेईनात. मला राहवेना. म्हटलं, बाबा, तिथे कुणी नाही.

म्हणाले, तुला दिसत होता ना, मग मलाही दिसेल.