ओल्या पॉलिशला हात लावू नये

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू श्वास न घेता बोलतेस, पत्रात निदान पूर्णविराम तरी देतेस, म्हणून मला पत्रच बरं. आज कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली. कळ अशी गेली की ओरडणारच होतो, पण दाराशी तुझी वहिनी उभी होती, मग दात आवळून पडून राहिलो. पुन्हा ही सुई नको गं बाई.

डॉक्टर म्हणाले, या रक्ताच्या कॅन्सरवरची नेहमीची औषधं माझ्यापुढे थकली. एक नवं औषध आहे, पण बिघडलेल्या पेशींच्या अंगावर अमुक एक गोष्ट असेल तरच देतात. तिचं नाव जिना उतरेपर्यंत विसरलो. तपासणी तुमच्याच प्रयोगशाळेत आहे म्हणे. मला कळेल असं लिही, आणि उतावळेपणा करू नकोस. बाबा सांगायचे तेच, ओल्या पॉलिशला हात लावू नये.

वर्कशॉपात खुर्च्या पडून आहेत. पॉलिशवाल्याला घरी बसवलं की तो दारंखिडक्याही घासायला लागतो, असं तुझी वहिनी सगळ्यांना सांगते.

लोभ आहेच, तो मागायला नको.

तुझा दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

त्या गोष्टीचं नाव सिंडेकन. पेशीच्या अंगावर उभं असलेलं प्रथिन, आणि त्याला साखरेच्या लांब साखळ्या लोंबतात. अशा जोडीला प्रोटीओग्लायकन म्हणतात. वहिनीला एका दमात म्हणायला लाव. चांगल्या पेशींनाही ते लागतं. पण तुझ्या आजारातल्या पेशींवर ते दाट असतं, आणि ‘वाढ’ म्हणून सांगणारी द्रव्यं जवळून जाताना त्या साखळ्यांत अडकतात, कपड्याला कुसळं अडकतात तशी. मग पेशी माजते. नवं औषध त्याच सिंडेकनला ओळखून पेशीला धरतं. म्हणजे शत्रूच्या अंगावर ते भरपूर असू दे, म्हणून मी हात जोडतेय. असलं मागणं आपल्या घरात कुणी मागितलं नसेल.

नमुना परवा संध्याकाळी आला. वरचं तुझं नाव वाचलं आणि हातातली नळी खाली ठेवली. कामावरची जोडीदारीण लगेच तपासायला घेते म्हणाली, मी नको म्हटलं. फ्रिजमध्ये ठेवला आणि काल सकाळी उजेडात, शांत हाताने मीच केला. तुझं पत्र यायच्या आधीच बाबांचं ऐकलं बघ. निकाल उद्या. आज दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कामावर गेले होते.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर जीव असू दे.

भिंगरी

८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

निकाल आला. सिंडेकन नाही, असा.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी सहीसाठी कागद पुढे केला आणि माझी नजर फ्रिजच्या दारावर गेली. तिथे सूचना आहे: मज्जेचा नमुना आला त्याच दिवशी तपासा, रात्रभर ठेवू नका. ती मीच चिकटवलेली. शरीराबाहेर काढलेल्या पेशी अंगावरचं सिंडेकन गाळून टाकतात. दुसऱ्या दिवशी त्या उघड्याच दिसतात, मग आधी काय होतं हे कोण सांगणार? इतरांना यावरून मी किती बोलले असेन! तुझं नाव पाहिलं आणि मला फक्त बाबा आठवले.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, कागद फाडला, आणि नवा नमुना लागेल म्हणाल्या. फोन दोनदा लावला आणि वहिनीचा आवाज ऐकून ठेवून दिला. दादा, ती सुई पुन्हा, तीही माझ्यामुळे. हवं तेवढं बोल, पण नाही म्हणू नकोस.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझा राग आला. खोटं कशाला लिहू? जेवणावरून उठलो. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, की सूचना चिकटवणारी बहीण तुमचीच आणि ती विसरणारीही तुमचीच. दोघी वेळेवर भेटल्या हे नशीब समजा, नाहीतर सही झाली असती आणि औषध नाही म्हणून आपण गप्प बसलो असतो. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

काल सुई घालून आलो. या वेळी मोकळेपणी ओरडलो, बरं वाटलं. नमुन्याला तू बोटही लावायचं नाहीस. बाबांचं म्हणणं लाकडापुरतं होतं, आणि तेच मीही तुला लिहिलं, तेव्हा सगळं खापर स्वतःवर फोडून घेऊ नकोस.

राग ओसरलाय. लोभ जागेवर आहे.

दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

आहे! दाट आहे! जोडीदारणीने नमुना आल्याआल्या घेतला, मी बाहेर जिन्यात नखं खात बसले होते. तुझ्या वाईट पेशींचं कौतुक ऐकून मी रडले, असं कुठे झालंय का?

मॅडम म्हणाल्या, हुरळून जाऊ नकोस. काही पेशी शरीरातही सिंडेकन गाळून निसटतात, आणि ते तुकडे रक्तात फिरत औषधाला वाटेतच अडवतात. तुला न सांगता राहवेना, म्हणून लिहिलं. औषध मिळणार, एवढं मात्र नक्की.

भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

औषधाची पहिली बाटली चढली. अंग मोडून आलंय, तोंडाला चव नाही. गुण कधी दिसेल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, थोडं थांबा, बघू. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. ऐकणाऱ्याचं काय होतं ते आता कळलं. बसवत नाही, पडवत नाही. भिंगरी तू, आणि गरगरतोय मी.

तुला नोकरी लागली तेव्हा कबूल केलेलं लिहायचं मेज आठवतं? पॉलिशचा आणखी एक हात देऊ, मग पाठवू, असं म्हणत वर्षानुवर्षं ठेवून घेतलं. काल शेवटचा हात दिला आणि आज टेम्पोत चढवलं. वाळलेलं नाही. तुझी वहिनी चार दिवस थांबा म्हणून मागे लागली होती, पण मला भीती वाटली, खरंच वाटली, आणि थांबवेना. पोचलं की खिडकी उघडी ठेव, वासाने डोकं धरेल.

उचलताना उजव्या कोपऱ्यावर माझा अंगठा उमटलाय. तो घासून काढू नकोस.

तुझा दादा