बाही लागली होती

मी, रोहिदास सोनबा बोराटे, वय ६८, राहणार मोशी, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे सोडले तर माझं सगळं ठीक आहे.

१. मोशीचं राहतं घर पत्नी जयमाला हिच्या नावे. तिच्या पश्चात मुलगा रणजीत आणि मुलगी प्राजक्ता यांना निम्मं-निम्मं. जयमाला आयुष्यभर स्नूकरच्या टेबलाला सवत म्हणत आली आणि त्याच टेबलाचं कापड दर दिवाळीला ब्रशने साफ करत आली. मला तिच्याइतका जीव कोणी लावला नाही. हे तिला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहितो.

२. कुरुळीचा स्नूकर हॉल, दोन टेबलांसह, प्राजक्ताला. रणजीतने रुसू नये. त्याला चाकणजवळचा प्लॉट आहे, आणि क्यू, म्हणजे खेळायची काठी, तो अजून कुदळीसारखा धरतो.

३. हॉलचे नियम चालू ठेवावेत. शिफ्ट सुटून आलेल्याने आधी हात धुवावेत. टेबलावर चहा ठेवू नये. दुसरा नेम धरत असताना समोर उभं राहू नये. मारताना एक पाय जमिनीवर असावा. हात किंवा कपडा बॉलला लागला, तर कोणी पाहिलं नसलं तरी आपणहून सांगावं आणि पाळी समोरच्याला द्यावी. हा शेवटचा नियम मी स्वतः भिंतीवर रंगवला आहे.

४. तोच मी मोडला. २००३ च्या आमच्या स्पर्धेत शेवटच्या डावात समोर माझा धाकटा भाऊ उद्धवराव होता. गुलाबी आणि काळा, दोनच बॉल उरले होते. मी वाकलो आणि शर्टाची बाही गुलाबीला लागली. तो हळूच म्हणाला, "दादा, बाही लागली." हॉल भरलेला होता. मी मोठ्याने म्हणालो, "न्हाई लागली. हरायचं भ्या वाटतंय व्हय तुला?" लोक हसले. त्याने क्यू भिंतीला टेकवला आणि निघून गेला. कप माझ्या घरी आला, भाऊ बावीस वर्षं आला नाही.

बाही लागली होती. मला तेव्हाच कळलं होतं. माझा क्यू उद्धवला द्यावा आणि हे कलम हॉलमध्ये सर्वांसमोर वाचावं. उद्धव, मला तुझी फार आठवण येते.

५. (नंतर जोडलेलं.) वकील नीलिमाताईंनी मसुदा वाचून विचारलं, "काका, फाउल झाल्यावर सांगायचा असतो की मेल्यावर?" दुसऱ्या दिवशी कलम चारचा कागद घेऊन मी उद्धवच्या दारात गेलो. कागदच त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला. "एवढं सांगाया बावीस वर्सं लागली व्हय, दादा?" म्हणाला आणि आतून पाणी घेऊन आला. रविवारी हॉलमध्ये ते कलम मी स्वतः वाचलं आणि क्यू त्याच्या हाती दिला. ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा, असं ताई म्हणतात. आता उद्धवला काही मिळायचं राहिलेलं नाही, तेव्हा तो सही करायला मोकळा आहे.

वरील सर्व मला मान्य असून साक्षीदारांदेखत सही केली आहे.

ठिकाण: मोशी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) रोहिदास सोनबा बोराटे

साक्षीदार:
१. (सही) गुरुदत्त केळकर, शेजारी
२. (सही) उद्धवराव सोनबा बोराटे, भाऊ. सही केली, पण इतक्यात मरू नको, दादा. तो डाव राहिलाय, अन् पाळी माझी हाय.