आजीच्या मापाचा दोरा

चांदूर बाजार
११ जानेवारी

प्रिय काका,

जय भीम. काकूलेही सांग. खुशीले पापी.

तू म्हनशीन, एम.ए. झालेली पोरगी अन पोस्टात चिठ्ठी टाकून राहिली! काय करू? फोनवर तुनं मलेही ब्लॉक केलं, बाबालेही. अन या पाकिटात एक वस्तू हाय, जे फोनातून जात नाही. सांगते. घाई नको करू.

इकडं सगळं बरं. तुरी सोंगून झाल्या. आबाचा उजवा कान आता पुराच गेला. दिवसभर आपल्या ओट्यावर बसून राहतेत. त्या ओट्याचं तू खुशीले कधी सांगितलं का? नसन सांगितलं. मंग हे तिले वाचून दाखव.

खुशी, आपले आबा एकवीस वर्षांचे होते तवा एकाहत्तरच्या लढाईत गेले. बेपत्ता म्हनून तार आली. महिने गेले, पत्ता नाही. गावानं मेला समजून वर्गणी केली, त्यांच्या नावाचा ओटा बांधला. आजीनं बांगड्या फोडल्या. अन भर उन्हाळ्यात आबा, दुश्मनाच्या कैदेतून सुटून, लंगडत लंगडत एस.टी.तून उतरले! आता ओटा पाडावं कोनं? आबाच जाऊन बसले त्याच्यावर.

पन गाव कसं असते? मेला होता तवा शूर होता. जिता आला म्हंजे पळून आला.

विहिरीवर बाया आजीले म्हनत, "तू कायले भरतं वं मनकर्णा बांगड्या? नवऱ्याले भर." तवापासून आजीचे हात मोकळेच. "गाव आपल्या तोंडानं म्हनन का डोमाजी पळाला नाही, तवाच भरीन." तुया लग्नात मोकळे. आत्याच्या लग्नातही.

आत्याच्या लग्नाचं राहू दे सध्या.

तं मागच्या वर्षी पंजाबातून एक म्हातारा सरदारजी आला, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. ओट्यावर बसलेल्या आबालेच विचारते, "शहीद डोमाजी का घर कौन सा है?"

आबा म्हनते, "मीच होय थो."

सरदारजी मातीतच बसला. मंग रडत, हसत, आबाच्या गुडघ्यावर थापा मारत सांगे. मोर्च्यावर गोळे पडून राहिले होते, सगळ्यांले मागं सरकायचा हुकूम. आबा एकटे उलटे गेले. सरदारजीले पाठीवर आनलं. मंग दुसऱ्याले. तिसऱ्याले आनायले गेले अन गोळा पडला. "भागा था ये, जरूर भागा था," सरदारजी म्हने, "पर आगे को." तो बिचारा इतकी वर्षं मेलेल्या डोमाजीचा मान मागून राहिला होता सरकारले!

मी आबाले म्हटलं, तुमी काहून नाही बोलले कधी?

"थो तिसरा राहिला ना तिथंच. कायचं सांगू?"

काका, आबाले पदक भेटून राहिलं. सव्वीस जानेवारीले, अमरावतीले. रामराव म्हातारा, जो सगळ्यात जास्त चिडवे, ओट्यापाशी आला अन हात जोडून म्हने, "डोमा, तू पळाला नाही रे बाप्पा. आमीच आंधळे." सगळ्या गावासमोर.

मी आजीले म्हटलं, चाल आता कासाराकडं. आजी हालली नाही. "गाव बोललं. पन एक जन बाकी हाय."

आत्याच्या लग्नात मी मंडपात तुया बाजूलेच उभी होती. कासारीन बायांले बांगड्या भरून राहिली होती. आबानं तुले दारूवरून हटकलं, अन तू म्हटलं, "त्यांलेच भरा चार." लोक हसले. आबाले ऐकूच आलं नाही, असं समजून आपन गप राहिलो. तू त्यांच्या डाव्या बाजूले होता, काका. डावा कान चांगला हाय.

दुसऱ्या दिवशी तू अकोल्याले गेला, तो गेलाच.

आजीले राग नाही. तिच्याच शब्दात लिहिते: "फोडल्यावरच्या पहिल्या बांगड्या माहेरच्यानं आनाव्या लागतेत. माह्या माहेरी आता कोनी नाही. मंग माह्या पोरानं, स्वप्निलनंच आनाव्या. तोंडानं नाही बोलला तरी चालन." म्हनून आजीची बोटं गोळा करून, पेरांवरून दोरा फिरवून माप घेतलं. तोच दोरा पाकिटात हाय. पेरं सुजली हायेत, माप लहान नको घेऊ. हिरव्या आन. काचेच्याच. प्लास्टिकच्या नको म्हनते, वाजल्या पायजेत.

पंचवीसले सकाळपासून मी बडनेऱ्याच्या फलाटावर हाय. अकोल्याकडून येनारी एकेक गाडी पाहीन.

तुई,
प्रियदर्शनी

ता. क. पाकीट चिकटवत होती, तं आबा आले. दोरा उचलून पाहिला, परत ठेवला. कोनाले लिहून राहिली, विचारलं नाही. म्हनले, "सकाळच्या गाडीत लय थंडी असते. स्वेटर घालून ये म्हना."