उभी राहिली की तापणारी गाडी

प्रिय अहो,

पत्र लिहायची सवय आपल्याला कधीच नव्हती. फोनवरसुद्धा "हां, निघालो" एवढं बोलून तुम्ही ठेवून द्यायचात. पण काल पाडवा झाला, शोभायात्रा झाली, आणि जे घडलं ते सगळ्यात आधी तुम्हाला कळायला हवं. तुमचे गॅरेजवाले शरीफभाई म्हणत होते, मीच सांगतो त्याला. मी म्हटलं, राहू द्या, माझ्या नवऱ्याला मी सांगेन. आणि तुमच्यासारखा शेवट आधी सांगून मजा घालवणार नाही. क्रमाने ऐका.

तुम्ही गेल्यापासून ट्रक नाल्याकाठी उभाच होता. लहान असला तरी ट्रकच म्हणायचा, कोणी टेम्पो म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. आपला नीलेश रविवारी जाऊन सुरू करायचा, गल्लीतून एक फेरी मारून परत लावायचा. त्याची नोकरी पवईला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची, त्याला कुठून वेळ? ड्रायव्हर ठेवून बघितले, एकही टिकला नाही. कारण तुम्हाला माहीतच आहे. आपली गाडी पळत असते तोवर गुणाची, आणि सिग्नलला उभी राहिली की तिचं डोकं फिरलंच. काटा चढत चढत लाल रेषेवर, आणि मग बॉनेटमधून वाफ.

तुम्ही इतकी वर्षं हे कसं चालवलंत हो? सिग्नल लाल झाला की इंजिन बंद, हिरवा झाला की चालू. सीटखाली कायम पाण्याचे कॅन. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला तुमच्या हट्टापायी आपण ट्रकने निघालो, आणि घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अशी तापली की बाजूला घेऊन ती गार व्हायची वाट बघत बसलो. मी पैठणी नेसून फुटपाथवर कलिंगड खाल्लं. तुम्ही वर म्हणालात, "बघ, तिकडे लग्नात एवढी सरबराई झाली नसती." तेव्हा मी घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते. परवा ते आठवून एकटीच हसत बसले.

बरं, यंदा झालं असं. शोभायात्रेसाठी आपल्या कोकणवाल्यांनी दशावताराचा चित्ररथ करायचं ठरवलं. राजा, संकासुर, मागे पेटी आणि मृदंग. गाडी कोणाची, असा विषय निघाला आणि मी बोलून मोकळी झाले, "आमची घ्या की." घरी येऊन सांगितलं तर नीलेशने कपाळाला हात लावला.

"आई, शोभायात्रा म्हणजे चार पावलं चालायचं आणि उभं राहायचं. तेसुद्धा मुलुंडच्या उन्हात. ही गाडी एक सिग्नल उभी राहत नाही."

"मग दुरुस्त करून घे."

"बाबांना जमलं नाही ते मला जमणार?"

मी गाडीची किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली. मग तो म्हणाला, चिडून नव्हे, दमून म्हणाला, "ठीक आहे, एकदा शेवटचं बघू. यात्रेत वाफ निघाली, तर दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावणार. तू मध्ये यायचं नाहीस."

मी हो म्हटलं. म्हणून बसले खरी, पण तेव्हापासून घास गोड लागेना. तुमचे शर्ट मी देऊन टाकले, चपला दिल्या, घड्याळ भाच्याला दिलं. रडले नाही. पण ती गाडी माझ्याने देववली नसती. तिच्यात अजून तुमच्या तंबाखूचा वास येतो, ज्याच्यावरून मी आयुष्यभर तुमचं डोकं खाल्लं.

गाडी भांडुपला शरीफभाईंच्या गॅरेजात नेली. तुमचा जिगरी दोस्त, त्यामुळे चहा आधी आणि गाडी नंतर. नीलेश फोनवर व्हिडिओ बघून तयार होऊन आला होता. हा म्हणतो पंप गेलाय, मग म्हणतो पंख्याचा पट्टा सैल आहे, मग म्हणतो थर्मोस्टॅट अडकलाय. शरीफभाईंनी निमूटपणे एकेक करून दाखवलं. पट्टा ताठ होता. पंप ठीक होता. थर्मोस्टॅट काढून त्यांनी सरळ चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला, तर तो शहाण्यासारखा उघडला. मग सगळं परत बसवलं, जुनं गढूळ पाणी काढून नवीन कूलंट भरलं आणि गाडी जागेवर चालू ठेवली. आम्ही तिघं काट्याकडे बघत उभे. काटा निघाला लाल रेषेकडे, नेहमीसारखा.

"मग चालताना का नाही हो तापत?" मी विचारलं.

"चालताना वारा जोरात लागतो, मिळेल त्या फटीतून आत घुसतो ना वहिनी. उभी असली की सगळी मदार पंख्यावर. त्याने बाहेरची हवा आत ओढायची, तेव्हा रेडिएटर गार होणार."

"ओढायची कुठून?"

"समोरच्या जाळीतून."

एवढं बोलून शरीफभाई आपले बोटांना लागलेलं ग्रीस पुसायला लागले. मी गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. जाळी कुठे दिसतेय? दिसलं ते माझं नाव.

अहो, ती पाटी! या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत ठोकलेला पत्रा, पिवळ्यावर लालभडक अक्षरांत 'शैलजा' आणि दोन्ही बाजूंना कमळं. तिच्यावरून मी किती भांडले होते. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना माझं नाव तोंडपाठ झालं होतं. घरात मला एकदाही नावाने हाक मारली नाहीत, "ऐकतेस का" एवढ्यावर अख्खा संसार काढलात, आणि रस्त्यावर मात्र हा थाट. मी म्हणायचे, निदान थोडी लहान तरी करा. तुम्ही म्हणायचात, गल्लीच्या टोकावरून वाचता आली पाहिजे.

"शरीफभाई," मी म्हटलं, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ज्या दिवशी ठोकली त्या दिवसापासून. मी बोललो त्याला, पाटी काढ, गाडी गार होईल. तर मलाच बोलला, तू तुझं काम कर, मी पाण्याचे कॅन ठेवतो. वर शपथ घातली, वहिनीला सांगायचं नाही."

"पण वर लावता आली असती की, कॅबिनच्या डोक्यावर," नीलेश म्हणाला.

"तेपण बोललो ना." मग शरीफभाईंनी तुमच्या आवाजात, तुमच्यासारखीच मान वाकडी करून सांगितलं, "'वर लावलंय तर रोज पुसतलो कोण? माझो हात खय पोचता?'"

गॅरेजातली सगळी माणसं हसली. नीलेश हसला, मीही हसले. तुमची उंची हा आपल्या घरातला जुना विनोद, माळ्यावरचा डबा काढायलासुद्धा मलाच हाक यायची. आणि हसता हसता मला रडू फुटलं ते आवरेना. रोज सकाळी फडका घेऊन खाली जायचात, मला वाटायचं गाडी पुसताय. गाडीच्या काचा कायम मळलेल्या का असतात, याचं मला नवल वाटायचं.

असा वेडेपणा करतं का कोणी? भर उन्हात, हायवेवर, गाडी थांबवून बॉनेट उघडून उभे राहायचात. वाफेने एकदा मनगट भाजून घेतलंत, तर घरी येऊन सांगितलंत की चहा सांडला. एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः ती पाटी उपटून काढली असती. आणि म्हणूनच बोलला नाहीत, कळलं मला. फार राग आला तुमचा. आणि राग येत असताना इतकी सुखावले होते की शरीफभाईंकडे बघायची लाज वाटत होती.

नीलेश म्हणाला, "आई, नको काढायला. आपण दुसरं काहीतरी बघू. इलेक्ट्रिक पंखा लावू."

मी म्हटलं, "नाव माझं आहे. ठेवायचं की काढायचं ते मी ठरवीन. पाना दे इकडे."

एक नट गंजला होता, तो शरीफभाईंनी सोडवला. बाकीचे मी सोडवले. पाटी खाली आली आणि मागे जे निघालं ते बघून आम्ही थक्कच झालो. दर दसऱ्याला तुम्ही गाडीला झेंडूचे हार घालायचात ना? त्यांच्या पाकळ्या त्या पाटीमागे पडून पडून रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत घट्ट बसल्या होत्या. वर धूळ, चिलटं, आंब्याची पानं. मुठी भरभरून काढलं. मग इंजिनाच्या बाजूने पाण्याचा पाइप धरला, आणि समोरून काळंभोर पाणी आलं, मग तपकिरी, मग स्वच्छ.

परत गाडी जागेवर चालू केली. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहतात तसे आम्ही उभे होतो. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. शरीफभाईंनी आणखी एक चहा मागवला. चहा संपला तरी काटा तिथेच. नीलेश मला म्हणाला, "आई, बाबांची गाडी चांगली आहे गं." जणू मला माहीत नव्हतं.

पाटी आता कॅबिनच्या डोक्यावर लावली आहे. पुसायचं काम नीलेशकडे. तो तुमच्यावर गेलेला नाही, त्याचा हात पोचतो.

पाडव्याच्या सकाळी मी खाली उतरले तर मंडळातली एक मुलगी गाडीच्या जाळीवर भला मोठा बॅनर बांधत होती. 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा'. मी अशी ओरडले की तिच्या हातातली सुतळी पडली. बिचारीला वाटलं, मला बॅनर आवडला नाही. तिला जवळ घेऊन सगळं समजावून सांगितलं, बॅनर बाजूच्या फळीवर बांधला, हार आरशांना घातले. जाळी मोकळी.

आणि मग यात्रा निघाली. नीलेश तुमच्या जागी, मी माझ्या जागी. पुढे लेझीम, त्याच्या पुढे ढोल. सरकलो की थांबलो, सरकलो की थांबलो. चौकात तर ढोलवाल्यांनी जे रिंगण धरलं ते सोडेनात. वर ऊन रणरणतंय, राजाचा रंग घामाने गळ्यापर्यंत उतरलाय, आणि आपण मधोमध उभे. नीलेशचा हात किल्लीवर गेला, अगदी तुमच्यासारखा.

"राहू दे चालू," मी म्हटलं.

"आई, रिस्क नको."

"राहू दे म्हणते ना."

त्याने हात मागे घेतला. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. माझं सगळं अंग घामाने भिजलं होतं. काटा किंचित वर सरकला. पंख्याचा आवाज येत होता. मग काटा थांबला, आणि मुकाट्याने मधोमध आला. तेवढ्यात मागून संकासुराने उडी मारली, खिडकीशी येऊन विचारतो, "बंद पडली काय?" नीलेश म्हणाला, "चालू आहे!" तर त्या पठ्ठ्याने भर चौकात गाडीसमोर लोटांगण घातलं. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या. नीलेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता, आणि मी तुमच्या नावाने आधी शिव्या घातल्या आणि मग हात जोडले.

परत आल्यावर नाल्याकाठी गाडी लावून त्याने इंजिन बंद केलं. मी विचारलं, "भंगारवाल्याचं काय करायचं?"

"कोण भंगारवाला?" म्हणाला. मग म्हणाला, "आई, मागचा फळका कोराच आहे ना अजून? तिथे काही लिहिलं तर हवा अडत नाही."

आज सकाळी पेंटर आला. डबे मांडले, कुंचला भिजवला आणि विचारलं, "काय लिहू?" नीलेश सांगायला लागला, मी त्याला थांबवलं. अहो, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी तुमचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. बँकेत, दवाखान्यात, अगदी त्या शेवटच्या दिवशीसुद्धा, नाव सांगायला शेजारच्या कोणालातरी पुढे केलं. पण आज फळक्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "वसंत."

आवाज जरा फुटला, पण पेंटरला ऐकू गेला.

आता घेतलं आहे तर घेत राहीन, हा माझा शब्द. कोणी विचारो न विचारो, सणावाराला, बायकांत बसले असताना, अशीच मोठ्याने घेईन. गल्लीच्या टोकावर ऐकू गेलं पाहिजे.

तुमची
शैलजा